दहिवर सुकल्याशिवाय बकऱ्या सोडू नका: विदर्भाच्या कडाक्याच्या थंडीत चराईचं सगळं गणित

डिसेंबर लागला की आपल्याकडं दोन टाईपचे बकरीवाले दिसतात. एक ते जे वर्षभराच्या सवयीनं सकाळी सात वाजताच बकऱ्या हाकलत नाल्याकडं निघतात, गवत ओलंचिंब, धुवारी अशी की पुढची बकरी दिसत नाही, आणि मग जानेवारीत अर्धा कळप शेंबडा झाला की म्हणतात औंदा थंडीच लय होती. दुसरे शेडवाले, बहुतेक नवीन, व्हिडिओ पाहून धंद्यात उतरलेले, ते थंडीच्या भीतीनं चारी बाजूनं ताडपत्री आवळून बकऱ्या आठ आठ दिवस कोंडून ठेवतात आणि त्यांच्याकडंही खोकला सुरूच. दोघांचं औषधाचं बिल सारखंच येतं.

माझं म्हणणं एकच आहे आणि बाकी सगळा लेख त्याच्याच अवतीभवती आहे. मोठी, धडधाकट, पोट भरलेली बकरी कोरड्या थंडीला सहज पुरून उरते. तिला आडवं पाडतं ते ओलं अंग, वारा आणि रिकामं पोट. यातलं एखादं असलं तर ती ओढून नेते, तिन्ही एकाच सकाळी जुळून आले की न्युमोनिया ठरलेला. म्हणून किती डिग्री आहे हे मोबाईलवर पाहून बकऱ्या सोडायच्या की नाही हे ठरवू नका, गवत पाहून ठरवा.

आधी थंडी कुठं बसते ते समजून घ्या

विदर्भात बर्फ पडत नाही पण थंडी काही कमी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, तो तिथला आजवरचा नीचांक आहे. गोंदियाचं नाव तर दर हिवाळ्यात राज्यातल्या सगळ्यात थंड ठिकाणांमधी येतंच, आणि मेळघाटात चिखलदऱ्याच्या वरच्या भागात दहिवर गोठून गवत पांढरं झालेलं लोकांनी पाहिलेलं आहे. आता गंमत अशी की बातम्यांतला आकडा हा हवेचा असतो, साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवरचा. आभाळ मोकळं असेल, वारा पडलेला असेल तर रात्रभर जमीन आपली गरमी वर फेकत राहते आणि गवताचं पातं हवेपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त गार पडतं. म्हणून मोबाईल ४ दाखवत असला तरी नाल्याकाठच्या गवतावर दहिवर गोठलेलं असू शकतं.

गार हवा जड असते, ती उतारानं वाहत खाली येऊन खोलगट जागेत साचते. त्यामुळं नाल्याचा काठ, तलावाखालची बांधी (धानाचं खाचर), नदीकाठची गाळपेर ह्या जागा सकाळी सगळ्यात गार आणि सगळ्यात उशिरा सुकणाऱ्या. टेकडीचा उगवतीकडचा उतार आणि बरड माळ सगळ्यात आधी सुकतो. तुमच्या शिवारात अशा जागा कोणत्या हे एक-दोन सकाळी स्वतः फिरून पाहून ठेवा, पुढं चराईचा रूट त्यावरच बसवायचा आहे.

आणि आभाळ आलेलं असेल तर रात्र उबदार जाते हे खरं, पण दुसऱ्या दिवशी ऊन नाही, गवत सुकत नाही. अशा दिवशी थंडी कमी वाटते म्हणून लोक लवकर सोडतात. तसं करू नका.

पहिलं काम आदल्या रात्रीचं

चराईची तयारी सकाळी सुरू होत नाही, रात्री होते. बकरीच्या पोटात म्हणजे कोठीपोटात चारा आंबत असतो आणि त्यातून गरमी निघते, तीच तिची रात्रभराची शेगडी. ही गरमी दाण्यापेक्षा कडक, रेषेदार चाऱ्यातून जास्त निघते. म्हणून थंडीच्या रात्री ढेप-दाणा वाढवायच्या आधी कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) वाढवा. आपल्याकडं तुरीचं कुटार, हरभऱ्याचं कुटार, सोयाबीनचं कुटार याला तोटा नाही, त्यातलं तुरीचं बकऱ्या सगळ्यात आवडीनं खातात. सोयाबीनचं देताना भिजून काळं पडलेलं, बुरशी आलेलं बाजूला काढा, त्याचा भुरका नाकात गेला की खोकला आणि पोटात गेला की जुलाब.

हिशोब ढोबळ असा की बकरीला दिवसाला तिच्या वजनाच्या ३ ते ४ टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे ३० किलोच्या बकरीला किलो-सव्वा किलो. चराईतून किती येतं हे हिवाळ्यात रानावर अवलंबून. रात्री गव्हाणीत इतकं टाका की पहाटे थोडं उरलेलं दिसलं पाहिजे. गव्हाण चाटून साफ झालेली असेल तर समजा मध्यरात्रीनंतर पोट रिकामं होतं. गाभण आणि दूध पाजणाऱ्या बकरीला २०० ते ३०० ग्रॅम खुराक वेगळा, त्यात सरकी ढेप, भरडलेली मका, हरभरा चुनी जे घरात असेल ते, आणि १० ग्रॅम मिनरल मिक्श्चर. खुराक एकदम वाढवायचा नाही, आठ-दहा दिवस घेऊन वाढवायचा.

कोठ्याचं (बकऱ्यांच्या गोठ्याचं) म्हणाल तर वारा अडवायचा, हवा अडवायची नाही. उत्तरेकडून आणि पूर्वेकडून येणारा वारा बकरीच्या अंगाला लागू नये इतकंच. खालून चार-साडेचार फुटांपर्यंत पोत्याचे पडदे, पऱ्हाट्याचा किंवा तुराट्याचा कूड, काहीही चालतं, पण वर छपराजवळ एक-दीड फूट मोकळं पाहिजेच. मुताचा वास बाहेर गेला नाही तर त्यातला अमोनिया श्वासनळीचं आतलं अस्तर जाळतो आणि मग साधी सर्दी न्युमोनियात जाते. टेस्ट सोपी आहे. पहाटे पडदा उघडायच्या आधी आत जा आणि बकरीच्या तोंडाच्या उंचीवर, म्हणजे उकिडवं बसून दोन मिनिटं श्वास घ्या. उभ्यानं काही जाणवत नाही, बसल्यावर डोळे चुरचुरले की समजा बकऱ्यांनी रात्रभर तेच ओढलं आहे.

खाली ओल नको. रोज लेंड्या झाडायच्या, ओल्या जागी राख किंवा चुन्याची भुकटी मारायची, त्यावर कोरडं कुटार. कोठ्यात शेकोटी पेटवायची नाही, कितीही थंडी असली तरी. धूर वेगळा, आग वेगळी, आणि तुराट्याच्या कुडाला पेट घ्यायला पाच मिनिटं लागत नाहीत.

पोत्याचे झूल घालावे का असं खूप जण विचारतात. म्हाताऱ्या, रोड, नुकत्याच आजारातून उठलेल्या बकरीला रात्री घाला, मोठ्या धडधाकटीला गरज नाही. पण सकाळी चरायला सोडताना काढायचंच. बोरी-बाभळीत अडकतं, दुपारी खाली घाम येतो, आणि दहिवरानं भिजलेलं पोतं अंगावर असणं हे उघड्या अंगापेक्षा वाईट.

सकाळी कोण जाणार, कोण थांबणार

सूर्य जानेवारीच्या सुरुवातीला आपल्याकडं सातला दहाएक मिनिटं कमी असताना उगवतो. तेव्हापासून बकऱ्या ओरडायला लागतात, त्यांच्या ओरडण्याकडं लक्ष देऊ नका. हा वेळ त्यांना पाहायचा आहे. कोठ्याच्या दारात उभं राहून एकेक बाहेर अंगणात उन्हाला काढायची आणि पाहायचं: अंगावरचे केस उभे आहेत का, पाठ कमान करून चार पाय गोळा करून उभी आहे का, रवंथ करतेय का, नाकाला काय आहे, लेंडी कशी आहे. हिवाळ्यात बकरी जाड दिसते कारण केस फुललेले असतात, त्यावर जाऊ नका. हात लावा. कमरेवरच्या मणक्यावर बोटं फिरवा, हाडाची धार करवतीसारखी लागली तर ती बकरी आतून रोड आहे, तिला थंडी आधी लागणार.

शंका आली तर थर्मामीटर लावा, मेडिकलमधी स्वस्तात मिळतो, बकरीवाल्याच्या घरी तो नसणं म्हणजे कमाल आहे. गुदद्वारात मिनिटभर धरायचा. १०१.५ ते १०३.५ फॅरनहाईट नॉर्मल. १०४ च्या वर ताप. १०० च्या खाली गेलं तर थंडीनं गारठलेली आहे आणि हे तापापेक्षा घाईचं आहे.

घरी थांबवायच्या त्या अशा: व्यायला आठ-दहा दिवस राहिलेल्या, व्याल्यावरच्या पहिल्या आठवड्यातल्या, दीड-दोन महिन्यांच्या आतली पिल्लं, नाक वाहणाऱ्या, लंगड्या, आणि बाजारातून नवीन आणलेल्या. नवीन आणलेली बकरी तर तीन आठवडे कळपात मिसळायचीच नाही, हिवाळ्यात तर अजिबात नाही, रात्रभर उघड्या पिकअपमधी वारा खात आलेली बकरी चौथ्या-पाचव्या दिवशी आजार दाखवते आणि तोवर सगळ्यांना देऊन मोकळी होते. बाकी आपली बेरारी असो की उस्मानाबादी, आपल्या हवेत वाढलेली आहे, तिची फार काळजी नको. बाहेरच्या राज्यातून आणलेल्या जातींना पहिला हिवाळा जरा सांभाळा.

सोडायच्या आधी मूठ-दोन मूठ कोरडं कुटार किंवा कडब्याची कुट्टी प्रत्येकीच्या पोटात गेलीच पाहिजे. ही पायरी लोक सगळ्यात जास्त गाळतात, कारण "चारायलाच तं नेऊन रायलो, मंग घरी कायले टाकू". पण उपाशी बकरी रानात गेली की जे पहिलं हिरवं दिसलं त्यावर तुटून पडते, निवडून खात नाही. पोटात आधार असेल तर ती फिरत, शेंडे खुडत चरते, जशी बकरीनं चरायला पाहिजे.

सोडायची वेळ

गावातल्या म्हाताऱ्या बकरीवाल्यांचा नियम असा, "चप्पल काढून धुऱ्यावर (बांधावर) चालून पाह्य, पाय ओला झाला त बकरी घरी." याच्यात मला काही सुधारणा सुचत नाही. थोडं अजून बारीक पाहायचं तर वरचं पातं सुकलेलं असताना बुडात हात घाला. कुसळी, मारवेल, हरळीच्या गुंत्यात वरून कोरडं आणि मुठीत धरलं की तळवा ओला असं हमखास होतं. बुड सुकलं की निघायचं. साध्या उन्हाच्या दिवशी हे साडेनऊ-दहाला होतं, दाट धुवारीच्या दिवशी साडेअकराही वाजतात.

ओल्या गवताला इतकं का घाबरायचं? एक तर बकरीचे पाय, पोट, तोंड भिजतं आणि वाऱ्यानं गरमी झपाट्यानं जाते. दुसरं, जंत. लेंडीतून बाहेर पडलेल्या जंतांच्या अळ्या ह्या दहिवराच्या पाण्यातून गवताच्या पात्यावर वर चढतात आणि ऊन तापलं, पातं सुकलं की परत बुडाकडं जातात. म्हणजे सकाळचं ओलं गवत जमिनीलगत खाणं हे जंत वेचून खाण्यासारखं आहे. आणि तिसरं, ओला हिरवा कोवळा पाला, त्यातही द्विदल, पोट फुगवतो.

गोठलेलं गवत खाल्लं की बकरी गाभडते असं सरसकट म्हटलं जातं. नुसत्या गोठलेल्या गवतात विष नसतं (ज्वारीचं सोडून, ते खाली येतंच), पण गाभण बकरी उपाशीपोटी, गारठलेली, वरून कळपात ढकलाढकली, बुरशीचं कुटार अशा सगळ्या गोष्टी एकत्र आल्या की ती फेकू शकते. आणि एकामागं एक दोन-तीन गाभडल्या तर थंडीवर खापर फोडू नका, तो ब्रुसेलोसिससारखा संसर्ग असू शकतो, तो माणसालाही लागतो. पडलेल्या गर्भाला उघड्या हातानं शिवू नका आणि डॉक्टरला रक्त तपासायला सांगा.

कुठं न्यायचं आणि कुठं बिलकुल नाही

सकाळचा पहिला तास माळावर, टेकडीच्या उन्हाच्या बाजूला, झाडपाल्यावर घालवा. बकरी ही मुळात खुडून खाणारी, मान वर करून खायला मिळालं की खूश. बोर, बाभूळ, हिवर, अंजन, उंबर, पिंपळ, निंब, सुबाभूळ हे सगळं चालतं. गुडघ्याच्या वरचं जितकं खाईल तितके जंत कमी, आणि बाभूळ-बोरीच्या पाल्यातलं तुरट द्रव्य जंताला थोडं आळाही घालतं. सुबाभळीला मात्र हात राखून, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, सतत जास्त दिलं तर केस गळतात. दुपारी ऊन चांगलं तापलं की मग नाल्याकडच्या, सखल भागाकडं उतरा.

हिवाळ्यात आपल्या शिवारात बकरीसाठी खरा माल आणि खरा धोका दोन्ही पिकांत आहे, म्हणून हे जरा निगुतीनं वाचा.

*ज्वारी.* कापणी झाल्यावर धसकटातून जे कोवळे हिरवे फुटवे निघतात ते सगळ्यात धोक्याचे. त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं आणि थंडीनं, दहिवर गोठल्यानं पात्याच्या पेशी फुटल्या की ते मोकळं होतं. म्हणजे साधे दिवस एकवेळ निभावतील पण कडाक्याच्या रात्रीनंतरची सकाळ नाही. बकरी खाऊन पंधरा-वीस मिनिटांत तोंड उघडं टाकून धापा टाकते, झोकांड्या खाते, पडते. याच्यावर सोडियम थायोसल्फेट आणि सोडियम नायट्राईटचं इंजेक्शन शिरेतून डॉक्टरच देऊ शकतो आणि वेळ फारच कमी असतो. त्यामुळं फुटवे पूर्ण वाळेपर्यंत त्या वावरात जायचं नाही, विषय संपला. नीट वाळलेल्या कडब्याची भीती नाही, वाळताना ते विष उडून जातं.

*तूर आणि हरभरा.* तूर कापून खळ्यावर गेली की वावरात गळालेल्या शेंगा आणि पाला यावर बकऱ्या तुटून पडतात, आणि खरंच चांगलं खाणं आहे. पण पहिल्या दिवशी अर्धा तास, मग वाढवत न्या. खळ्याजवळ राशीवर तोंड लागलं तर दाणा पोटात फुगतो, आंबतो आणि बकरी दुसऱ्या दिवशी आडवी. हिरव्या हरभऱ्यात चोरून घुसलेल्या बकऱ्यांचं पोट फुगतं हे आपल्याकडं पोरासोराला माहीत आहे, वर मालकाच्या शिव्या वेगळ्या.

*लाखोळी.* भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या लोकांसाठी. धानाच्या बांधीत उतेरा म्हणजे उभ्या धानातच पेरलेली लाखोळी (लाखेची डाळ), जवस असतं, बांधीत ओल असतेच, त्यात सकाळचं दहिवर. उपाशी बकरी त्यात सोडू नका. आणि तिकडं अजून एक भानगड म्हणजे तलावाचा काठ. गोगलगायीतून पसरणारे चपटे कृमी पाण्याकाठच्या गवताला चिकटून असतात, हिवाळ्यात पाणी खाली गेलं की नेमकं तेच हिरवं उरतं आणि बकऱ्या तिकडंच ओढ घेतात. पुढं महिना-दोन महिन्यांनी बकरी खंगते, डोळ्याची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाण्याची थैली लोंबते. साधं जंताचं औषध बहुतेक वेळा यावर चालत नाही, डॉक्टरकडं लेंडी तपासून चपट्या कृमीचं वेगळं औषध घ्या.

*पऱ्हाटी.* शेवटचा वेचा झाला की कपाशीत बकऱ्या सोडायची आपली पद्धतच आहे. मालकाला एकच प्रश्न विचारायचा, फवारा कधी मारला होता आणि कशाचा. पंधरा दिवस झाले नसतील तर नाही म्हणा. शेजारच्या तुरीवर, हरभऱ्यावर अळीसाठी मारलेलं औषध धुऱ्यावरच्या गवतावर उडालेलं असतं हेही विसरू नका. तोंडाला फेस, लाळ, थरथर, डोळ्याची बाहुली बारीक दिसली की विषबाधा समजून ताबडतोब डॉक्टर.

बाकी बेशरम, रायमुनिया, धोत्रा, कन्हेर हे एरवी बकरी हुंगून सोडते पण हिवाळ्याच्या शेवटी बाकी सगळं सुकलं आणि हेच हिरवं राहिलं की तोंड लावते. तिथं नेऊच नका.

पाणी

थंडीत बकरी पाणी कमी पिते आणि आपण खूश होतो की कटकट वाचली. पण पाणी कमी म्हणजे कोरडं कुटार पुढं सरकत नाही, खाणं घटतं, दूध घटतं, आणि खुराकावरच्या बोकडांना मुतखड्याचा त्रास याच दिवसांत जास्त होतो. टाक्यातलं रात्रभर गारठलेलं पाणी देऊ नका. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं काढलेलं पाणी हिवाळ्यात कोमटच असतं, तेच सकाळी निघताना, दुपारी आणि आल्यावर दाखवा. बकरीला दिवसाला साधारण तीन ते पाच लिटर लागतं, दूध पाजणारीला जास्त. पाण्यात किंवा खुराकात चिमूट मीठ टाकलं की पिणं वाढतं.

परत कधी

पाचला घरी. सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो पण साडेचारपासूनच सखल भागात गारवा उतरतो. दुसरं कारण जंगली जनावरं. चंद्रपूर, गडचिरोली, ताडोबाच्या आजूबाजूला, मेळघाटात, आणि आता तर उसाच्या आणि तुरीच्या दाट वावरामुळं गावाला लागून बिबट येतो. धुवारीची सकाळ आणि तिन्हीसांजा या दोन्ही वेळा त्याच्याच. राखणारा एकटा नको, वाकून गवत कापत बसू नका, बकऱ्या पांगू देऊ नका. बकरी मारली गेली तर तिला जागेवरून हलवू नका, वनरक्षकाला लगेच कळवा आणि पंचनामा होऊ द्या, नुकसानभरपाईला तोच लागतो.

आल्यावर पोट चाचपा. डाव्या कुशीचा खळगा भरलेला पण बोटानं दाबला जातो असा पाहिजे. ढोलकीसारखा ताठ लागला तर फुगलं आहे. गोडेतेल ५० ते १०० मिली, हळूहळू, मान सरळ ठेवून, गिळायला वेळ देत पाजा (मान वर ताणून ओतलं तर फुफ्फुसात जातं आणि मग तेलानंच मरते), पुढचे पाय उंचावर ठेवून डाव्या कुशीला चोळा, आणि तोवर डॉक्टरला फोन. राखणाऱ्याच्या पिशवीत तेलाची छोटी बाटली कायम असू द्या.

पिल्लांचं वेगळं

आपल्याकडं पावसाळ्याच्या तोंडाशी लागलेल्या (गाभण राहिलेल्या) बकऱ्या पाच महिन्यांनी नेमक्या नोव्हेंबर-डिसेंबरात व्यातात, म्हणजे ऐन थंडीत पिल्लं. बेरारीचं पिल्लू दोन किलोच्या आसपास असतं, त्याच्या अंगात चरबी नाही, पोटात आंबणारा चारा नाही, गरमी येणार कुठून? चिकातून. जन्मल्यावर आधी कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसायचं, नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं आणि तासाभरात चीक पाजायचा. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे दोन किलोच्या पिल्लाला २०० मिली, तीन-चार वेळात. वार पडायची वाट पाहत पिल्लाला उपाशी ठेवायची जुनी रीत सोडा.

पिल्लू सुस्त दिसलं की तोंडात बोट घाला. तोंड आतून गार लागलं तर ते गारठलं आहे, त्याला दूध पाजायची घाई करू नका, ते गिळू शकत नाही, ओतलेलं दूध छातीत जातं. आधी गरम करा. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूला, अंगावर पोतं, घरातल्या चुलीजवळची जागा. तोंड उबदार लागलं, चोखायला लागलं की मग चीक.

रात्री डाल्याखाली किंवा लाकडी खोक्यात कुटार घालून तीन-चार पिल्लं एकत्र ठेवा. बल्ब लावत असाल तर वायर बकरीच्या तोंडाला लागणार नाही अशी वरून बांधा, आणि बल्ब कुटारापासून दोन-अडीच फूट लांब. आई चरायला गेली की पिल्लांना अंगणात उन्हात खेळू द्या, दुपारी एकदा आई परत आणून पाजता आलं तर फारच छान, म्हणून व्यालेल्या बकऱ्यांचा रूट गावाजवळचा ठेवा.

थंडीची लाट आणि अवकाळी

हवामान खातं मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार किंवा जास्त अंशांनी घसरलं, किंवा सरळ ४ अंशांवर आलं की थंडीची लाट म्हणतं. असा इशारा असला तरी ऊन असेल, वारा नसेल तर दहा-साडेदहा ते चार बकऱ्या सोडा, बाहेरचं ऊन त्यांना कोठ्यापेक्षा चांगलं. वारा सुटला असेल तर धुऱ्याच्या, झाडोऱ्याच्या आडोशानं चारा. पाऊस किंवा गारपिटीचा अंदाज असेल तर मात्र सोडायचंच नाही, घरी झाडपाला तोडून आणून टांगा. रानात असताना भिजल्याच तर घरी आणून पोत्यानं उलट्या केसांनी चोळून कोरड्या करा, मगच कुटार टाका. ओल्या बकऱ्या एकमेकींना चिकटून रात्रभर तशाच राहिल्या तर तिसऱ्या दिवशी खोकला ऐकू येणार.

खोकला, पिवळा घट्ट शेंबूड, उभ्या उभ्या जोरात श्वास (नॉर्मल मिनिटाला १५ ते ३०, बरगडीकडं पाहून मोजा), चारा सोडलेला, ताप, एवढं दिसलं की वेगळी बांधा आणि डॉक्टर बोलवा. त्यासोबत तोंडात फोड, डोळ्यांना चिपडं आणि घाण वासाचे जुलाब असतील तर पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) असू शकतो, तो कळप बसवतो, अशा वेळी सगळ्यांची चराई आणि सामायिक पाणवठा त्याच दिवसापासून बंद. पीपीआरची लस टोचलेली नसेल तर निरोगी असतानाच टोचून घ्या, एकदा दिली की तीन वर्षं पुरते. जंताचं औषध पण आपल्या मनानं देऊ नका, नुकत्याच लागलेल्या बकरीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल चालत नाही, पोटातल्या पिल्लाला व्यंग येऊ शकतं. उवा-पिसवा हिवाळ्यात वाढतात, त्याचा फवारा भर दुपारी उन्हातच मारा, संध्याकाळी नाही. सरकारी फिरत्या दवाखान्याचा नंबर १९६२, टोल फ्री आहे, तो राखणाऱ्याच्या मोबाईलमधीही सेव्ह पाहिजे, फक्त मालकाच्या नाही.

महाशिवरात्रीच्या आसपास दुपार तापायला लागली की सगळे पडदे एकाच दिवशी काढून टाकू नका, आधी दिवसा गुंडाळा आणि रात्री सोडा, दहा-बारा दिवसांनी पूर्ण काढा. फेब्रुवारीत गारपिटीचा एखादा फटका आपल्याकडं येतोच, तेव्हा ती पोती माळ्यावर नको, हाताशीच पाहिजेत.